गाऊन झाकत नाही ते

आकुर्डीतल्या एका कॉलेजच्या विद्यार्थी विभागात मी बरीच वर्षं काम करते. पदवीप्रदान समारंभ आला की गाऊनवाटपाचं टेबल माझ्याकडे असतं. सकाळी गठ्ठे फोडायचे, मापाप्रमाणे लावायचे, सीट नंबर बघून सही घ्यायची, डिपॉझिटची पावती फाडायची आणि संध्याकाळी सगळं मोजून परत ताब्यात घ्यायचं. त्या एका दिवसात या टेबलाभोवती जेवढी धावपळ, रडारड आणि चिडचिड होते, तेवढी परीक्षेच्या फॉर्मच्या शेवटच्या तारखेलाही होत नाही. त्यातली बहुतेक टाळता येते. म्हणून हे लिहायला घेतलं.

आदल्या रात्री फोन येतात, "मॅडम, आत काय घालू?" घरचे लोक तोवर पिंपरीच्या बाजारात जाऊन सूट शिवून आलेले असतात, नाहीतर लग्नातली पैठणी कपाटातून बाहेर निघालेली असते. मी दरवर्षी एकच सांगते. गाऊन खांद्यापासून पोटरीपर्यंत सगळं झाकतो, तेव्हा त्या भागावर पैसा आणि जीव खर्च करू नका. लोकांना आणि कॅमेऱ्याला दिसतो तो गळा, मनगटं, डोकं आणि पाय. तयारी करायची ती या चार जागांची. पाचवी गोष्ट उकाडा. भाड्याचा काळा गाऊन बहुतेक वेळा पॉलिस्टरचा असतो, त्यात वारा खेळत नाही.

पण या सगळ्याच्या आधी कॉलेजची सूचना नीट वाचा, कारण गाऊन असेलच असं आता धरून चालता येत नाही. २०१० मध्ये भोपाळच्या वनव्यवस्थापन संस्थेच्या समारंभात तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी भर व्यासपीठावर अंगातला गाऊन काढून ठेवला होता. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ मध्ये विद्यापीठांना कळवलं, की समारंभाचा वेश हातमागाच्या कापडाचा करा. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने आपल्या अखत्यारीतल्या वैद्यकीय संस्थांना काळा झगा आणि टोपी सोडून त्या-त्या राज्याच्या परंपरेला धरून पोशाख ठरवायला सांगितलं. आपल्या पुणे विद्यापीठातही गाऊन मागे पडून भारतीय वेश आला. २०१९ च्या जानेवारीत तिथे पुणेरी पगडीवरून वाद झाला आणि महात्मा फुल्यांची पगडी हवी म्हणून विद्यार्थ्यांनी घोषणा दिल्या. म्हणजे यंदा तुमच्याकडे गाऊन आहे, नुसतं उपरणं आहे की कुर्ता-पायजमा, हे गेल्या वर्षीच्या सीनियरला विचारून कळणार नाही. ऑफिसला विचारा. फोन उचलणं हे आमचं कामच आहे.

या वादात माझं मत विचाराल तर मी दोन्ही बाजूंनी थोडी थोडी आहे. हा वेश युरोपातल्या जुन्या विद्यापीठांचा. तिथले मास्तर आणि विद्यार्थी धर्मसंस्थेच्या छायेत वाढलेले, दगडी इमारती थंडगार, म्हणून पायघोळ झगा आणि डोक्यावर ओढून घ्यायचं हूड. आकुर्डीच्या एप्रिलमध्ये त्यातलं काहीच लागत नाही. उपरणं सुटसुटीत आहे, धुता येतं, घरी नेता येतं. ज्या गावात तुकोबांची पालखी मुक्कामाला येते आणि विठ्ठल मंदिराभोवती पांढऱ्या सदऱ्यांची दाटी होते, तिथे पांढऱ्या वेशात पदवी घेणं कुणाला परकं वाटायचं कारण नाही.

तरीसुद्धा गाऊन म्हणजे साहेबाची नक्कल, असं म्हणून मी तो उडवून लावू शकत नाही. ५ जून १९५२ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाने बाबासाहेब आंबेडकरांना एलएल.डी. दिली. गाऊनमधला बाबासाहेबांचा फोटो आपल्याकडे कितीतरी घरांत भिंतीवर असतो. कॉम्प्युटरच्या एका मुलीने माझ्याकडून गाऊन घेताना विचारलं होतं, "मॅडम, हा घरी एक दिवस ठेवता येईल का? आजीला त्या फोटोखाली उभं राहून दाखवायचंय." ज्या घरात पहिल्यांदाच पदवी येते आहे, त्या घराला त्या काळ्या कापडाची किंमत आपण शिकवायची गरज नसते. तिला मी जास्तीच्या दिवसाची नोंद करून गाऊन दिला. ही सोय बऱ्याच ठिकाणी असते. आधी विचारलं तर मिळते, न विचारता नेला तर डिपॉझिट जातं.

आता आत काय घालायचं ते. मुलांनी पूर्ण बाह्यांचा, फिक्या रंगाचा सुती शर्ट घालावा, कॉलर ताठ आणि समोर वरपर्यंत बटणं असलेला. टाय लावली तर बरी दिसते, नसली तरी बिघडत नाही. ब्लेझर मात्र गाऊनखाली घालू नये. खांदे फुगतात, काखेत कापड ओढलं जातं आणि तासाभरात मुलगा घामाने निथळतो. सूट घरच्यांबरोबरच्या फोटोसाठी घालायचा असेल तर कोट आई-वडिलांकडे ठेवा, गाऊन परत केल्यावर चढवा.

बटणांचा आग्रह का, ते सांगते. गाऊनवर गळ्याभोवती जे हूड किंवा रंगीत पट्टा येतो, त्याचं वजन सगळं पाठीमागे असतं. तो मागे सरकतो आणि पुढची कड गळ्यावर चढते. म्हणून पुष्कळ हुडांना पुढच्या बाजूला आतून एक बारीक दोरीचा फासा शिवलेला असतो. तो शर्टच्या बटणात अडकवायचा. एवढासा फासा, पण दिवसभर हूड जागेवर ठेवतो. टी-शर्ट किंवा गोल गळ्याचा कुर्ता असला तर त्याला अडकायला जागाच नसते. मुलींचा तर हा प्रश्न दरवर्षीचा, कारण साडीच्या ब्लाऊजला समोर वर बटण नसतं.

एका वर्षी सुवर्णपदक मिळालेली एक मुलगी पैठणी नेसून आली. आईची पैठणी, सुंदर. पण रेशमावर पॉलिस्टर ठरत नाही. रांगेत उभी असतानाच तिचा गाऊन खांद्यावरून घसरायला लागला. मैत्रिणीने घाईत हूड सेफ्टी पिनेने थेट पदराला टोचलं. स्टेजवर पाहुण्यांसमोर तिने पदकासाठी मान झुकवली, हूड मागे गेलं, त्याने पिन ओढली, पिनेने पदर ओढला आणि जरीचा काठ गळ्यापाशी फाटला. फोटोत तिचा एक हात गळ्यावर आहे आणि नजर खाली. पदक छातीवर आहे, पण तिकडे तिचं लक्षच नाही. तो फोटो तिच्या घरात लागला असेल तर रोज तेच दिसत असेल, याचं मला वाईट वाटतं.

साडी नेसू नका, असं मी कधीच म्हणणार नाही. सुती किंवा खादीची नेसा, पदर छोटा काढून खांद्यावर घडी घालून पिना आतून, ब्लाऊजला लावा. हूड मात्र गाऊनलाच दोन्ही खांद्यांवर छोट्या पिनांनी टाचा, म्हणजे साडीवर ताण येत नाही. निऱ्या नेहमीपेक्षा बोटभर वर घ्या, कारण पायऱ्या चढताना गाऊनही हातात धरायचा असतो. सलवार-कुर्ता असेल तर ओढणी आईकडे द्या. मोठी कर्णफुलं आणि लांब हार हुडात अडकतात. बांगड्या आवडत असतील तर जरूर घाला, गाऊनची बाही रुंद असते, हात पुढे केला की मनगट उघडं पडतं आणि छान दिसतं.

गाऊन आदल्या दिवशी मिळत असेल तर तो पिशवीतून लगेच बाहेर काढून हँगरला लावा. घड्या राहिल्याच तर वर ओलसर सुती पंचा घालून मंद इस्त्री फिरवा. गरम इस्त्री थेट लावली की पॉलिस्टर चिकटतं, कापडाला चकाकता डाग पडतो आणि तो निघत नाही.

टोपीबद्दल मुलींनी घरून निघण्याआधीच विचार करावा. चौकोनी फळीची टोपी जमिनीला समांतर, सपाट बसायला हवी. डोक्यावर उंच अंबाडा असेल तर ती बसतच नाही. केस मोकळे, वेणी, नाहीतर मानेशी खाली घातलेला अंबाडा ठीक. गजराही खालीच माळा. काळ्या हेअरपिना चार जास्त जवळ ठेवा. टोपी हवेत उडवण्याचा हट्ट करू नका, तिची फळी टणक असते आणि खाली येताना कोपरा कुणाच्या डोळ्यात जाऊ शकतो. शीख मुलांच्या पगडीवर ही टोपी चढवायची नसते, पगडी हाच त्यांचा शिरपेच. हिजाब घेणाऱ्या मुलींनी टोपी घ्यायची की नाही हे त्यांनी ठरवावं. मी हे मुद्दाम लिहिते आहे, कारण रांगेत उभा असलेला एकोणीस वर्षांचा स्वयंसेवक "सगळ्यांनी टोपी घालायचीच" एवढंच जाणतो. दोन दिवस आधी आम्हाला सांगून ठेवलं तर त्याला आधीच समजावता येतं. व्हीलचेअर वापरणाऱ्यांनी गाऊन नेहमीपेक्षा दोन मापं आखूड मागावा आणि बसल्यावर दोन्ही बाजूंचं कापड मांडीवर घेऊन चिमटा लावावा, नाहीतर ते चाकात जातं.

पायांचा विषय मी शेवटी ठेवणार होते, पण तो इथेच सांगते, कारण याच एका गोष्टीने माझ्या डोळ्यांदेखत एका मुलाचा दिवस हिरावला गेला.

मेकॅनिकलचा मुलगा. चाकणला एका कंपनीत ट्रेनी म्हणून लागला होता. रात्रपाळी करून सकाळी थेट समारंभाला आला. इस्त्रीचा पांढरा शर्ट पिशवीतून आणला होता, तो कॉलेजच्या बाथरूममध्ये बदलला, तोंड धुतलं, भांग पाडला. पायात सेफ्टी शूज होते, पुढे स्टीलची टोपी असलेले, वर ग्रीसचे डाग. माझ्याकडून गाऊन नेला तेव्हा त्याचे पाय टेबलाआड होते. रांगेच्या तोंडाशी मात्र त्याला अडवलं. सूचनेत "फॉर्मल शूज अनिवार्य" असं छापलं होतं आणि तिथे उभ्या असलेल्याने ते शब्दशः पाळलं. मुलगा वाद घालणाऱ्यातला नव्हता. मित्राच्या रूमवर बूट मिळतात का बघायला धावत गेला. इकडे माईकवर त्याचं नाव पुकारलं गेलं, थोडी शांतता, मग पुढचं नाव. तो परत आला तेव्हा त्याची शाखा संपली होती. पदवी त्याला माझ्या खिडकीवर सही करून मिळाली.

त्याची आई लातूरकडून रात्रीच्या गाडीने आली होती. ती माझ्याजवळ येऊन म्हणाली, "मॅडम, नाव तर घेतलं की त्याचं. मग लेकरू वर का न्हाई गेलं?" मी बुटांचं सांगितलं. ती म्हणाली, "कामाचेच बूट हैत की ते."

तिच्या त्या वाक्याला कुठल्याही नियमात उत्तर नाही. आकुर्डी, चिखली, भोसरी, चाकण हा सगळा पट्टा कामाच्या बुटांवर उभा आहे. इथे इंजिनिअरिंगची पदवी घेणारा मुलगा निकालापासून समारंभापर्यंतच्या महिन्यांत शॉप फ्लोअरवर उभा राहिलेला असतो. समारंभात त्याच्या पायात त्याचे बूट दिसले तर त्यात लाजण्यासारखं काय आहे? पुढच्या बैठकीत मी हे सरांसमोर मांडलं आणि सूचनेतली ओळ बदलून घेतली. आता "स्वच्छ, बंद, गडद रंगाचे बूट किंवा चप्पल, कामाचे बूट चालतील" असं लिहिलेलं असतं. शिवाय स्टेजपाशी कुणालाही परत पाठवायचं नाही. अडचण असेल तर मुलाला हाताला धरून माझ्या टेबलाशी आणायचं, तोवर नाव पुकारणाऱ्याला चिठ्ठी द्यायची. माझ्या टेबलाखाली एका खोक्यात जुने काळे बूट, पिना, सुईदोरा, काळे मोजे आणि लिमलेटच्या गोळ्या असतात. ज्यांच्या हातात असे समारंभ आहेत, त्यांना माझी कळकळीची विनंती आहे, असं खोकं ठेवा आणि सूचनेतला "अनिवार्य" हा शब्द दहादा तपासा.

नोकरीवरच्या मुलांनी समारंभाची तारीख कळताच कॉलेजकडून पत्र घ्यावं. ते दाखवून पाळी बदलून मागता येते. रात्रपाळी करून, उपाशी पोटी, बंद सभागृहात तीन तास काळ्या कापडात बसू नये. चक्कर येऊन पडलेली मुलंही मी पाहिली आहेत. बूट नवे घेणार असाल तर आठवडाभर आधी घालून रस्त्यावर चाला. नवा तळवा स्टेजच्या पॉलिश केलेल्या फळ्यांवर घसरतो. मुलींनी उंच टाचा घालून गालिच्याच्या कडेवरून चालण्यापेक्षा सपाट चप्पल बरी.

आई-वडिलांसाठी पोशाखाचा काही नियम नसतो, कुणी सांगितला तर मानू नका. धोतर-टोपी, नऊवारी, कंपनीचा गणवेश, सगळं चालतं. बसायला पास लागतो तेवढा विसरू नका. आणि गाडी लावायला जागा मिळत नाही, तेव्हा लोणावळा लोकलने आकुर्डी स्टेशनला उतरणं केव्हाही सोपं.

आता आपल्याकडची पुष्कळ मुलं पुढे परदेशी जातात, त्यांचे पालक येऊन विचारतात, म्हणून थोडं तेही. अमेरिकेत टोपीचा गोंडा आधी उजवीकडे ठेवतात आणि पदवी जाहीर झाली की डावीकडे घेतात. तिथल्या वेशाचे नियम १८९५ मध्ये आखले गेले. ब्रिटनमध्ये गोंडा फिरवण्याची पद्धत नाही, पण तिथे हुडाचा रंग विद्यापीठाप्रमाणे आणि पदवीप्रमाणे बदलतो, त्यामुळे गाऊन ऑनलाइन भाड्याने घेताना विद्यापीठाचं आणि अभ्यासक्रमाचं नाव अचूक भरावं लागतं. उंची, छाती आणि डोक्याचा घेर मागतात. डोक्याचा घेर कपाळाच्या मध्यावरून, कानांच्या वरून मोजा. जर्मनीत जाणाऱ्यांनी गाऊनची आशा धरून जाऊ नये. १९६७ मध्ये हाम्बुर्ग विद्यापीठात विद्यार्थ्यांनी प्राध्यापकांच्या झग्यांविरुद्ध फलक धरला, त्यानंतरच्या वर्षांत तिथल्या विद्यापीठांतून हा वेश जवळजवळ गेला. आता काही ठिकाणी तो परत येतो आहे. चाकणच्या जर्मन कंपन्यांमुळे तिकडे जाणारी मुलं वाढली आहेत, म्हणून हे ठाऊक असलेलं बरं.

तिकडे साडी चालेल का, हा प्रश्न तर हमखास येतो. डॉ. आनंदीबाई जोशींना ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियातल्या वैद्यकीय कॉलेजात पदवी मिळाली, पंडिता रमाबाई त्या समारंभाला हजर होत्या. त्याच कॉलेजातला १८८५ चा एक फोटो प्रसिद्ध आहे. आनंदीबाई साडीत, शेजारी जपानच्या केई ओकामी किमोनोत आणि सीरियाच्या सबात इस्लामबुली त्यांच्या देशाच्या पोशाखात. साडीत शिकून आनंदीबाई तिथे डॉक्टर झाल्या. तुमची मुलगी आज तिथे गाऊनखाली साडी नेसून गेली तर तिला कुणी अडवणार नाही. फक्त पिना इथूनच बरोबर द्या.

शेवटी टेबलावरची कामं. गाऊनला खिसा नसतो, तेव्हा मोबाइल, पाकीट, ओळखपत्र आणि डिपॉझिटची पावती आधीच घरच्या एका माणसाकडे सोपवा. स्टेजवर पदवी दोन्ही हातांनी घ्या, क्षणभर कॅमेऱ्याकडे बघा आणि मगच पुढे सरका. फोल्डर पुष्कळदा रिकामं असतं, खरं प्रमाणपत्र नंतर खिडकीवर मिळतं, घाबरू नका. ते हातात आल्यावर तिथेच उभं राहून आपलं नाव, आईचं नाव, शाखा, श्रेणी आणि वर्ष वाचा. मराठी आणि इंग्रजी दोन्ही स्पेलिंगं बघा. चूक त्याच दिवशी दाखवली तर दुरुस्ती सोपी, दोन वर्षांनी व्हिसाच्या वेळी दाखवली तर विद्यापीठात खेटे. प्रमाणपत्राला लॅमिनेशन करू नका. पुढे साक्षांकनाचा शिक्का मागच्या बाजूला मारायचा असतो आणि लॅमिनेट केलेला कागद तिथे बहुधा घेत नाहीत. गाऊन परत करताना सगळ्या पिना काढा, पुढच्या वर्षी तो दुसऱ्या कुणाच्या अंगावर जाणार असतो. पावती दाखवा, डिपॉझिट मोजून घ्या. खिडकी संध्याकाळी साडेपाचला बंद होते, पण कुणी पळत येताना दिसलं तर मी थांबते.